कार्पेटखालचं अस्तर बदलताय? आधी पाणी शोधा, मग शीट आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९७२ ची चार दरवाज्यांची सेडान आहे, पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या धाग्यांचा जाड थर, चिखलासारखा हातात आला, त्याखालची काळी डांबरी शीट तडकून सुटलीय, आणि आता ती चांदीसारखी चमकणारी फॉइलची शीट सगळ्या फ्लोअरवर मारून टाकू का, का जुन्यासारखा तागाचाच नमदा टाकू, का दोन्ही. शिवाय गाडी साठच्या पुढे गेली की फ्लोअर घुमतो आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं असंही लिहिलंय.

सांगतो, पण जरा लांबेल. मी वीस-बावीस वर्षं जुन्या गाड्यांची आतली कामं करतोय आणि या कामात लोक पैसा आणि मेहनत नको त्या जागी घालतात हे इतक्यांदा बघितलंय की अर्धवट उत्तर देववत नाही. शीट कुठली, हा तुमचा प्रश्न चौथ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न हा की तो नमदा ओला झालाच कसा.

नमदा पन्नास वर्षं टिकतो हो, कोरडा राहिला तर. साठच्या दशकातल्या गाड्यांतून मी असा नमदा काढलाय की झटकला, ऊन दाखवलं आणि परत टाकला. सडतो तो पाण्यानेच. म्हणजे तुमच्या गाडीत पाणी येतंय, आणि तुम्ही आज वरून शीट चिकटवलीत तर ते यायचं काही थांबणार नाही, ते शीट आणि पत्रा यांच्या मधे जाऊन बसेल, वरून सगळं कोरडं आणि चकाचक, आणि खाली गंज आपलं काम करत राहील. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. आधीच्या कुणीतरी फ्लोअरभर शीट मारलेली, काम दिसायला सुरेख, सांध्याला सांधा जुळवलेला. मालकाची तक्रार एवढीच की ड्रायव्हरची सीट एका बाजूला किंचित कलते. मी शीटचा कोपरा धरून ओढला तर शीट आली आणि तिच्या पाठीला चिकटून पत्रा पण आला, तपकिरी पापुद्रेच्या पापुद्रे, आणि त्या भोकातून खालची जमीन दिसत होती. त्या जागी फ्लोअर असा उरलाच नव्हता, शीटच होती.

म्हणून आधी पाणी शोधा. ओलं जिथे दिसतं तिथूनच पाणी आलं असं कधी धरू नका, ते फ्लोअरच्या खाचांमधून वाहत जाऊन सगळ्यात खालच्या जागी साचतं. पुढच्या पायाजवळ ओलं असेल तर माझा संशय या क्रमाने जातो: समोरच्या काचेचं रबर, काचेखालची हवा आत घेणारी जाळी आणि तिची तुंबलेली निचऱ्याची वाट, मग दरवाजा. दरवाज्याचं लोकांना माहीत नसतं. काचेच्या फटीतून दरवाज्याच्या आत पाणी जातंच, नवीन गाडीतही जातं, ते खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडायचं असतं आणि आतल्या ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आच्छादनाच्या मागे प्लॅस्टिकचा नाहीतर मेणकागदाचा एक पडदा असतो जो त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. कुणीतरी कधीतरी काचेचं मशीन दुरुस्त करताना तो पडदा फाडतो आणि परत लावत नाही. बस, तेव्हापासून कार्पेट ओलं.

पाण्याला हात लावून बघा, वास घ्या. साधं पाणी असेल तर वरचंच काहीतरी. चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरची छोटी जाळी गळतेय, ते कूलंट आहे, विषारी असतं, जिभेला लावू नका. आणि पेडलच्या बरोबर खाली तेलकट ओल असून तिथला रंग फुगून सुटला असेल तर ब्रेकचं नाहीतर क्लचचं ऑइल मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून आत गळतंय. तसं असेल तर हे अस्तराचं काम तिथेच थांबवा, गाडी चालवू नका, आधी ब्रेक बघा.

पावसाच्या पाण्याची वाट शोधायची तर एक जण टॉर्च घेऊन आत, कार्पेट काढलेलं, डॅशखाली डोकं घालून, आणि दुसरा बाहेर नळी घेऊन. पाणी जोरात मारू नका, संथ सोडा, आणि खालून वर चला: आधी दरवाज्याचा खालचा भाग, मग जाळी, मग काचेचा खालचा काठ, शेवटी वरचा. प्रत्येक जागी पाच मिनिटं तरी. एकदम छतावरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही. या कामाला अख्खी दुपार गेली तरी चालेल.

आता सोडवणं. बॅटरीची वायर काढा, मग सीटा, सीटबेल्ट, दारातल्या उंबऱ्याच्या पट्ट्या, मग कार्पेट. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि बोल्ट त्या-त्या सीटच्या नावाने वेगळ्या पिशवीत. जुना नमदा कितीही सडलेला असू दे, फेकू नका, त्याचे तुकडे जमतील तसे जमिनीवर मांडून ठेवा, तोच तुमचा साचा आहे. कुठे कापलंय, कुठे जाड आहे, कुठे मुद्दाम मोकळं सोडलंय, हे कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं.

त्या काळ्या डांबरी शीटला हात लावण्याआधी एक गोष्ट मनापासून सांगतो. त्या काळातल्या काही डांबरी शीटांमध्ये आणि अंडरकोटमध्ये अॅस्बेस्टॉसचे धागे घातलेले असायचे. डोळ्यांनी बघून ते कळत नाही, मलाही कळत नाही. म्हणून ग्राइंडर, तारेचा ब्रश, सँडिंग यातलं काहीही कोरडं त्या शीटवर चालवायचं नाही, तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेता येतो, घेतलात तर उत्तम. आणि त्यात अॅस्बेस्टॉस निघालं तर हे काम घरी करायचं नाही, त्याचं काम करणाऱ्यांकडेच द्यायचं. तपासणी स्वच्छ आली तरी धूळ उडवायची नाही, चांगला फिल्टरवाला मास्क लावूनच काम करायचं, कापडी फडकं नव्हे.

सगळी शीट काढायची का? नाही. इथेच मी बऱ्याच जणांशी वाद घालतो. बोटांच्या पेरांनी फ्लोअरवर ठोका. जिथे शीट पत्र्याला धरून आहे तिथे आवाज येतो ठप्प, जिथे सुटलीय तिथे पत्रा वाजतो, ठण्ण, आणि क्षणभर वाजत राहतो. खडू घ्या आणि ठण्ण वाजणाऱ्या जागा आखून घ्या. जिथे ठप्प वाजतंय, काठाला गंजाची तपकिरी रेघ नाही, चिरा नाहीत, ती शीट पन्नास वर्षांनीही तिचं काम करतेय, तिला राहू द्या. तुमच्या गाडीत पुढचा डावा भाग नक्की जाईल, मागचा फ्लोअर कदाचित तसाच चांगला असेल. फक्त सांधे आणि सीटच्या बोल्टांभोवतीचं थोडं उचकटून बघा, कारण गंज सुरू होतो तो तिथूनच.

काढायची दोनच पद्धती मला पटतात. एक कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तुकडे करून शीटवर पसरायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, डांबर काचेसारखं कडक होतं, मग रबरी हातोडीने ठोकलं की टणाटण खपल्या उडतात आणि खालचा रंग जवळपास तसाच राहतो. सपाट फ्लोअरवर यासारखं सुख नाही. पण जाड हातमोजे पाहिजेतच, डोळ्यांना चष्मा, आणि गाडीचे चारही दरवाजे उघडे, गाडी उघड्यावर, कारण तो वायू हवेपेक्षा जड, केबिनमध्ये खाली साचतो आणि तुमचं डोकं तर तिथेच वाकलेलं असतं. पिटवर उभ्या असलेल्या गाडीत तर अजिबात नको. दुसरी पद्धत हीट गन आणि रुंद पटाशी. शीट नुसती मऊ करायची, चामड्यासारखी वाकली पाहिजे, वितळून वाहायला लागली की ती पुसत बसण्यात दिवस जातो. उघडी ज्योत कधीच नाही. आणि गन लावण्याआधी गाडीखाली जाऊन बघून या की त्या जागेच्या खाली पेट्रोलची नळी किंवा टाकी तर नाही ना. असेल तर तिथे गरम करायचंच नाही, तिथे थंड पद्धत.

उरलेलं चिकट काळं टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने निघतं, वेळ लागतो, घाई केली तर नुसतं पसरतं. ती फडकी बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, गाडीत बोळा करून ठेवू नका.

गंजाचं लवकर सांगतो कारण तो वेगळाच विषय आहे. जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका आणि टोकाने दाबा, जिथे टोक आत जातं तिथे पत्रा संपलाय, तिथे कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, फायबर आणि लांबी (पुट्टी) भरायची नाही. फ्लोअर हा त्या गाडीच्या बॉडीची ताकद आहे, सीट आणि बेल्ट दोन्ही त्यालाच धरलेले असतात. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून, गंजाचं अॅसिडवालं रसायन लावणार असाल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन आणि पूर्ण वाळवून, मग इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीम सीलर, मग रंग. सांध्यांत भरायला घरगुती सिलिकॉन घेऊ नका, व्हिनेगरसारखा वास येतो ना ज्याला, तो सुकताना अॅसिड सोडतो आणि पत्रा गंजवतो. वेल्डिंग करायचं असेल तर अस्तराच्या आधी, नंतर कधीच नाही, आणि वेल्डच्या जागेपासून चांगलं हातभर सगळं डांबर, नमदा, कार्पेट साफ काढलेलं हवं. एका गॅरेजमध्ये मी बघितलंय, खालून सायलेन्सरचा ब्रॅकेट वेल्ड करत होते, आत कार्पेट तसंच, आणि धूर दिसेपर्यंत आतलं डांबर पेटलेलं होतं. माणूस बादली घेऊन उभा होता म्हणून गाडी वाचली.

रंग पूर्ण सुकू द्या. उघड्या पत्र्यावर शीट कधीही चिकटवू नका, मग तिचा गोंद कितीही भारी असो.

आता तुमचा खरा प्रश्न. फ्लोअरमधून येणारा आवाज म्हणजे एक गोष्ट नाही, तीन आहेत, आणि तिन्हींवर औषध वेगळं. पहिलं पत्र्याचं घुमणं. इंजिन आणि रस्ता पत्रा हलवतात आणि मोठा सपाट पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा वाजतो, तुम्ही म्हणताय ते साठच्या पुढचं घुमणं यातलंच दिसतंय. दुसरा टायरचा, गिअरबॉक्सचा आवाज, जो पत्र्यातून आरपार येतो. तिसरा जो भोकांतून सरळ हवेतून आत येतो.

फॉइलची शीट फक्त पहिल्याचं औषध आहे. ती आवाज अडवत नाही, पत्र्याचं थरथरणं मारते. कसं, तर खाली ब्यूटाइल रबराचा चिकट थर आणि वर अॅल्युमिनियमचा ताठ पापुद्रा, पत्रा वाकतो तेव्हा मधलं रबर या दोघांत खेचलं जातं आणि थरथरण्याची ताकद त्यात उष्णता होऊन जिरते. म्हणून फॉइल जाड हवा, १०० मायक्रॉनच्या आसपास किंवा जास्त. घडीच्या कागदासारखा पातळ चमचमता फॉइल असला तर तो नुसता दिखावा, त्याला ताठपणाच नाही मग रबर खेचणार कोण. नखाने फॉइल दाबून बघा, सहज फाटला तर ती शीट परत द्या.

आणि ही शीट सगळीकडे लावायची गरज नाही! पत्र्याच्या मधोमध, जिथे तो जास्त हलतो, तिथे साधारण पाव भाग झाकला की घुमण्यातला बहुतेक फरक पडून जातो, त्यानंतर वाढवत गेलात तर वजन वाढतं, फायदा थोडाथोडाच वाढतो. फ्लोअरला जिथे उभ्या घड्या दाबलेल्या असतात, कडा, कोपरे, टनेलचा (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याचा) वरचा वाक, तिथला पत्रा मुळातच ताठ, तिथे शीट वाया जाते. एक तुकडा लावा, परत पेराने ठोका, ठण्णचं ठप्प झालं ना, मग पुढच्या पॅनेलला जा. तुमचं पेर हेच मीटर. हिशोबाला सांगतो, २ मिमीच्या शीटचं वजन चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरतं, असल्या सेडानचा फ्लोअर तीनेक चौरस मीटर धरा, म्हणजे सगळा झाकला तर नऊ-दहा किलो, गरजेपुरता केला तर तीन.

दुसऱ्या आवाजाला, आरपार येणाऱ्याला, वजनच लागतं. जड, लवचीक पडदा, वजन घातलेलं व्हिनाइल मिळतं ते, चौरस मीटरला ५ किलोचं सगळ्यात जास्त वापरतात. पण तो पत्र्याला चिकटवायचा नाही, मधे ५-६ मिमीचा मऊ फोम पाहिजे, म्हणजे पत्रा हलला तरी पडदा हलत नाही. पडदा सैल पसरलेला आणि सलग असावा, तुकडे असले तर एकावर एक चढवून सांधे टेपने बंद करायचे. आणि अपेक्षा माफक ठेवा, वजन दुप्पट केलं तरी कागदावर फार तर ६ डेसिबल मिळतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून पाऊण मण माल भरून जुनी गाडी नवीन गाडीसारखी शांत होईल असं होत नाही.

तिसऱ्याकडे कुणी बघत नाही आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भिंतीत एक टक्का जागा जरी उघडी राहिली तरी ती भिंत कितीही भारी बांधा, २० डेसिबलच्या पुढे काही अडवू शकत नाही. आता तुमच्या गाडीत बघा: स्टिअरिंगचा दांडा बाहेर जातो तिथलं रबर, क्लचची केबल, हीटरचे पाइप, वायरिंगचा जुडगा, स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांड्याचं बूट, हँडब्रेकची केबल, आणि कुठल्यातरी जुन्या मेकॅनिकने पाडून सोडून दिलेली दोन-चार भोकं. रात्री गाडीखाली दिवा लावून ठेवा आणि आत अंधारात बसा, जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो, पाणीही येतं, आणि एक्झॉस्टचा धूरही येतो. पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं झालेलं असतं, नवीन ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, घाला. एवढं एकच करून लोकांनी मला सांगितलंय की गाडी बदलल्यासारखी वाटते, आणि या कामाला जवळजवळ वजन नाही, खर्च नाही.

मग नमदा कशाला? नमदा आतला, केबिनमधला तीक्ष्ण आवाज पितो, पायाला मऊ लागतो आणि उष्णता अडवतो, टनेलजवळ आणि सायलेन्सरच्या वर त्याची खरंच गरज असते. तागाचा का नवीन पॉलिस्टरचा, यावर माझं मत असं: गाडी मूळ अवस्थेत ठेवायची असेल, प्रदर्शनात न्यायची असेल, आणि पाणी खात्रीने बंद झालं असेल तर तागाचाच टाका, दिसायलाही तोच बरोबर. रोज पावसापाण्यात चालवायची असेल तर पॉलिस्टरचा, त्याचे धागे पाणी पीत नाहीत आणि सडत नाहीत, भिजला तर उचलून वाळत घालता येतो. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम कुठेही नको, तो भिजला की महिनोन्‌महिने सुकत नाही. फोम घ्यायचा तो बंद छिद्रांचा, तुकडा पाण्यात बुडवून दाबून बघा, पाणी प्यायला तर तो तुमच्या कामाचा नाही.

आणखी एक, छपराच्या गळतीची डांबरी फॉइल टेप दिसायला अगदी अशीच असते आणि स्वस्त असते म्हणून बरेच जण लावतात. नका लावू. गाडी उन्हात तापली की ते डांबर मऊ पडतं, उभ्या भागावरून ओघळतं आणि केबिनमध्ये जो वास बसतो तो जात नाही. असली टेप मी दोन गाड्यांतून खरवडून काढलीय, मूळ शीट काढण्यापेक्षा दुप्पट वेळ गेला. आणि कुठलाही माल घ्या, त्याचा छोटा तुकडा बाहेर नेऊन पेटवून बघा. ज्योत काढल्यावर जळत राहिला, थेंब पडत राहिले, तर तो तुमच्या पायाखाली नको. गाडीच्या आतल्या मालासाठी अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की ज्योत मिनिटाला १०२ मिमीपेक्षा वेगाने पसरता कामा नये, तेव्हा ज्या मालावर गाडीच्या आत वापरायचा म्हणून अशी चाचणी लिहिलेली असेल तोच घेतलेला बरा.

लावायच्या दिवशी फ्लोअर अल्कोहोलने पुसून घ्या, तेलकट बोट उमटलं तरी शीट सुटते. थंडीत काम असेल तर शीट आणि पत्रा दोन्ही कोमट करून घ्या. फ्लोअरला जी गोल रबरी बुचं असतात ती झाकायची नाहीत, आधीच त्यावर टेपचे तुकडे लावून ठेवा म्हणजे विसरणार नाही, उद्या पाणी आत शिरलं तर तीच काढून सोडता येतं. शीट जुन्या तुकड्यांवरून जाड कागदाचा साचा काढून कापा, कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलतो. मग छोट्या रोलरने मधून बाहेर असं जोर लावून दाबत जा, फॉइलवरचे उठाव सपाट झाले की समजायचं चिकटली. फुगा राहिला तर सुईने टोचून हवा काढून दाबा. फॉइलच्या कडा पात्यासारख्या असतात, हातमोजे काढू नका.

फोम, पडदा आणि नमदा हे मी पत्र्याला चिकटवत नाही. नुसते पसरतो, जरूर पडली तर उभ्या भागावर वरच्या काठाला दोन ठिपके गोंदाचे. कारण साधं आहे, पाणी परत कधी आलं तर उचलून बघता आलं पाहिजे.

सीटचे रेल आणि सीटबेल्टचे बोल्ट, इथे मी कुणाचंही ऐकत नाही. त्यांच्याखाली फोम नाही, नमदा नाही, शीट नाही, कार्पेटसुद्धा नाही, धातूला धातू टेकला पाहिजे. मऊ थर मधे राहिला तर बोल्ट आज घट्ट लागतो, महिन्याभरात थर दबतो आणि बोल्ट सैल. प्रत्येक बोल्टाभोवती वॉशरपेक्षा मोठं भोक कापा आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या पिळाच्या जोराला, आवळा. कार्पेटला भोक ड्रिलने पाडू नका, ड्रिल एक धागा पकडतं आणि हातभर लांब ओळ उसवून काढतं, क्षणात होतं ते. पंचने पाडा किंवा लाल तापवलेल्या सळईने. आणि उंबऱ्याच्या पट्टीला नवीन स्क्रू मारायचा असेल तर आधी खाली बघा, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बहुतेक त्याच काठाने जातात.

मग पेडल. अस्तर पंधरा मिमी जाड झालं म्हणजे फ्लोअर पंधरा मिमी वर आला. कार्पेट घातल्यावर एक जण आत बसून एक्सलेटर पूर्ण दाबेल आणि दुसरा बॉनेट उघडून बघेल की कार्बोरेटर पूर्ण उघडतोय का, आणि पाय काढल्यावर पेडल झटकन परत येतं का, कार्पेटच्या काठात अडकत तर नाही. इंजिन बंद ठेवून. क्लच पूर्ण खाली जातो का, ब्रेकखाली जागा आहे का, तेही. फ्लोअरला बिजागरीने बसवलेलं एक्सलेटर असेल तर त्याच्याखाली मी नमदा टाकतच नाही, तिथे फक्त शीट आणि कार्पेट. फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिथे फॉइल बॅटरीच्या टोकांपासून लांब ठेवा, फॉइल धातू आहे हे कामाच्या भरात विसरायला होतं.

कार्पेट कायमचं बसवायच्या आधी सीट लावून, बेल्ट लावून एक फेरी मारा, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला. अजून घुमत असेल तर शीट वाढवण्याआधी खाली जाऊन सायलेन्सरची रबरं आणि इंजिन, गिअरबॉक्सची माउंटिंग बघा. सायलेन्सर कुठे बॉडीला टेकत असेल तर आत कितीही अस्तर घाला, तो फ्लोअरला हाताने धरून हलवल्यासारखा हलवतो. घुमणं ठराविक वेगालाच येत असेल आणि गिअर बदलला तरी त्याच वेगाला येत असेल तर प्रोपेलर शाफ्ट, टायर, बेअरिंग यातलं काहीतरी. गिअर बदलल्यावर वेगळ्या वेगाला येत असेल तर इंजिनकडचं. हे अस्तराने दाबून टाकायचं नसतं, दुरुस्त करायचं असतं, नाहीतर बिघाडाचा आवाज तुम्हालाच ऐकू येईनासा होतो.

तर तुमच्या गाडीला मी असं करेन: पाण्याची वाट बंद, पुढचा डावा भाग साफ करून रंग, बाकी जिथे ठप्प वाजतंय तिथे जुनीच शीट, जिथे ठण्ण तिथे मधोमध ब्यूटाइलचे तुकडे, सगळे ग्रोमेट नवे, टनेल आणि पुढच्या पायाजवळ फोम आणि जड पडदा, आणि सगळ्यावर सैल नमदा. मागच्या फ्लोअरला पडदा लागेलच असं नाही, फेरी मारून ठरवा. पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेट निदान पहिले दोन-तीन मोठे पाऊस होईपर्यंत उंबऱ्याच्या पट्टीखाली पक्कं करू नका, प्रत्येक पावसानंतर कोपरा उचलून नमद्याखाली हाताचा पंजा सपाट ठेवून बघा. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी तळहाताला गार लागते. आणि पाण्याच्या तपासणीत काय सापडलं ते नक्की कळवा, दरवाज्याचा पडदा आहे का फाटलाय तेवढा तर आजच ट्रिम काढून बघा.